तलावावरचा हिरवा तवंग, बीएमएए आणि स्मृतिभ्रंश : एका प्रश्नाचे उत्तर

ठाण्यात उपवन परिसरात राहणाऱ्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झाले आहे. वडील अनेक वर्षे सकाळी तलावाकाठी फिरायला जात, खाडीची मासळी त्यांना आवडते, आणि अलीकडे कोणाच्या तरी सांगण्यावरून ते स्पिरुलिनाच्या गोळ्याही घेत होते. नील-हरित शेवाळात बीएमएए नावाचे चेताविष असते आणि त्यानेच स्मृतिभ्रंश होतो हे ‘माकडांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले’, असा मजकूर त्यांच्या वाचनात आला. वडिलांचा आजार यामुळे झाला असेल का, आणि त्या मजकुरात सुचवलेली एल-सेरिन ही पावडर सुरू करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. तरीही त्यांनी वाचलेला मजकूर निव्वळ थापेबाजी नव्हे. त्यामागे साठ-सत्तर वर्षांचे गंभीर संशोधन आहे, त्यात मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी आयुष्ये घातली आहेत, आणि त्यातले काही निष्कर्ष आजही वादात आहेत. मी ठाण्यात मेंदूविकाराचे रुग्ण पाहतो, आणि शिक्षणाच्या काळात उंदरांना अशी विषे देऊन केल्या जाणाऱ्या प्रयोगांवर काम केले आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत विष कशासाठी वापरतात आणि त्यातून रोगाबद्दल किती बोलता येते, हे नीट उलगडून सांगावेसे वाटते. प्रयोगातले विष हे बहुतेक वेळा संशोधकाचे अवजार असते. ते रोगाचे कारण आहे असा दावा करायचा तर वेगळा आणि पुष्कळ जास्त पुरावा लागतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आपल्या प्रश्नातल्यासारखी भीती निर्माण होते.

अल्झायमरसारखा आजार मेंदूत दहा-वीस वर्षे हळूहळू मुरत असतो. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा पुष्कळ पेशी मेलेल्या असतात, आणि पहिली पायरी कोणती घडली हे मागे जाऊन पाहण्याची सोय नसते. म्हणून संशोधक एखादे असे रसायन निवडतो जे मेंदूतील एकच ठरावीक यंत्रणा बिघडवते, आणि पुढे काय काय बिघडत जाते ते क्रमाने पाहतो. याचे सर्वांत यशस्वी उदाहरण स्मृतिभ्रंशाचे नसून कंपवाताचे आहे. १९८२ साली उत्तर कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे एकाएकी ताठरून गेली. हालचाल बंद, बोलणे बंद, जणू वीस वर्षांचा कंपवात काही दिवसांत उतरावा. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ तयार झाली होती. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे प्रसिद्ध केले. एमपीटीपी स्वतः विषारी नसते. मेंदूतील आधारपेशींमधले एक वितंचक (एन्झाइम) त्याचे एमपीपी-प्लस या विषात रूपांतर करते, ते हालचालीसाठी लागणारे डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींच्या दारातून आत शिरते आणि तिथल्या मायटोकाँड्रियाची ऊर्जानिर्मिती बंद पाडते. डोपामिन पेशींना स्वतंत्र दार असल्यामुळे नेमक्या त्याच मरतात.

या विषाने संशोधनाला काय दिले हे मुद्दाम नोंदवतो, कारण विषप्रयोगांची उपयुक्तता त्यात दिसते. एमपीटीपी दिलेल्या माकडांच्या मेंदूत सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटा भाग अतिसक्रिय होतो असे दिसले, १९९० मध्ये तो भाग निकामी करताच माकडांची हालचाल सुधारली, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच जागी तार बसवून विद्युत उत्तेजन देण्याची शस्त्रक्रिया माणसांत रुजली. आज मुंबईत होणाऱ्या अशा ‘डीबीएस’ शस्त्रक्रियांमागे ही माकडे आहेत. मात्र एमपीटीपी दिलेल्या प्राण्यांत पेशींना वाचवणारी काही औषधे मानवी चाचण्यांत निष्प्रभ ठरली. काही दिवसांत पेशी मारणारे विष आणि काही दशकांत पेशी संपवणारा रोग यांचा शेवट सारखा दिसला, तरी वाट तीच असेल असे नाही.

स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात असे एकच ‘एमपीटीपी’ कधीच सापडले नाही. त्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी काम चालते. जपानी समुद्रातील स्पंजपासून प्रथम वेगळे केलेले ओकाडाइक आम्ल घ्या. टाऊ या प्रथिनावर चिकटलेले फॉस्फेटचे गट काढून टाकणारे पीपी२ए नावाचे वितंचक ते अडवते; परिणामी टाऊवर फॉस्फेट साचत जातो आणि अल्झायमरमधील टाऊच्या गुंत्याशी मिळतीजुळती अवस्था उंदराच्या पेशीत तयार होते. ओकाडाइक आम्लामुळे माणसाला अल्झायमर होतो असे कोणी म्हणत नाही. ते फक्त टाऊच्या एका पायरीचा अभ्यास करायला वापरतात.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. धोतऱ्यात असणारे स्कोपोलामिन मेंदूतील ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाचे ग्राहक, म्हणजे पेशीवर ते रसायन जिथे जोडले जाते त्या जागा, अडवते. उंदराला ते टोचून गढूळ पाण्याच्या गोल हौदात सोडतात. पाण्याखाली बोटभर खोलीवर एक अदृश्य चौथरा असतो. रोजच्या सरावाने उंदीर भिंतीवरच्या खुणा पाहून काही सेकंदांत चौथरा गाठायला शिकलेला असतो, पण इंजेक्शननंतर तो कडेकडेने नुसता पोहत राहतो. काही तासांनी परिणाम उतरतो आणि तोच उंदीर पुन्हा सरळ चौथऱ्याकडे जातो. १९७४ मध्ये तरुण स्वयंसेवकांना स्कोपोलामिन देऊन त्यांच्या स्मरणाची घडण वृद्धांसारखी दिसते असे दाखवले गेले, आणि अशा निरीक्षणांतून पुढे ॲसिटिलकोलिन वाढवणारी औषधे आली. त्यांतले डोनेपेझिल १९९६ पासून वापरात आहे आणि आपल्या वडिलांच्या पुडक्यात कदाचित तेच असेल. या औषधांनी लक्षणे काही काळ सावरतात, पेशी मरणे थांबत नाही. ब्राह्मी किंवा इतर वनस्पतींच्या जाहिरातींत ‘प्रयोगांत सिद्ध’ असे लिहिलेले असते तेव्हा पुष्कळदा हाच स्कोपोलामिनचा प्रयोग अभिप्रेत असतो. त्या वनस्पतीने उंदरावरचा स्कोपोलामिनचा अंमल कमी केला, इतकेच त्यातून म्हणता येते.

आता बीएमएए. याची कथा पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गेलेल्या अमेरिकी डॉक्टरांना चामोरो या मूळ रहिवाशांमध्ये एक विलक्षण आजार दिसला. काहींना स्नायू झिजवणारा एएलएस होई, काहींना कंपवात आणि स्मृतिभ्रंश एकत्र, आणि एकाच कुटुंबात दोन्ही रूपे आढळत. १९५० च्या दशकात तिथले एएलएसचे प्रमाण जगातील इतर भागांच्या पन्नास ते शंभर पट होते. मृतांच्या मेंदूत टाऊचे गुंते भरलेले, पण अल्झायमरमध्ये सोबत दिसणारे अॅमिलॉइड या प्रथिनाचे ठिपके बहुधा तुरळक. असेच दोन छोटे प्रदेश जपानच्या ‘की’ नावाच्या द्वीपकल्पात आणि पश्चिम न्यू गिनीत सापडले. बेट सोडून अमेरिकेत गेलेल्या काही चामोरोंना कित्येक वर्षांनी तोच आजार झाला. नव्या पिढ्यांमध्ये तो झपाट्याने कमी होत जाऊन आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. इतक्या थोड्या काळात जनुके बदलत नाहीत. म्हणून आहार किंवा परिसरातले काहीतरी कारण असावे, हा तर्क मला आजही योग्य वाटतो.

संशय गेला सायकसच्या बियांवर. आपल्या ठाणे-नवी मुंबईतील सोसायट्यांच्या प्रवेशद्वारापाशी ताडासारखे दिसणारे जे बुटके, टोकदार पानांचे झाड कुंडीत लावलेले असते, त्याचाच हा भाऊबंद. चामोरो लोक त्याच्या बिया फोडून, कापून, दिवसेंदिवस पाण्यात भिजत घालत, पाणी पुनःपुन्हा बदलत, मग वाळवून त्याचे पीठ करत. न भिजवलेल्या बिया घातक आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते. मार्जोरी व्हाइटिंग या संशोधिकेने त्यांच्यात राहून हा आहार नोंदवला, आणि १९६७ मध्ये सायकसच्या बियांतून बीएमएए हे अमिनो आम्ल वेगळे करण्यात आले.

त्याचा शोध घेण्यामागे आपल्याकडची एक डाळ आहे, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवे. विदर्भात, विशेषतः भंडारा-गोंदियाकडे, लाख किंवा लाखोळी पिकते. दुष्काळात गहू-तांदूळ गेले तरी ती तगते, आणि महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तिच्यावरच राहण्याची वेळ आलेल्या गरिबांचे पाय कायमचे ताठ होतात. माणूस काठीच्या आधाराने, पाय कात्रीसारखे अडकवत चालतो. या आजाराचे, म्हणजे लॅथिरिझमचे, कारण असलेले ओडीएपी हे चेताविष १९६४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळे केले. ते आणि बीएमएए रचनेने एकमेकांच्या नात्यातले आहेत, आणि दोन्ही ग्लुटामेट या मेंदूतील दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहकांना अति चाळवून पेशी थकवून मारतात. लॅथिरिझमचा अभ्यास करणारे पीटर स्पेन्सर यांनी साहजिकच ग्वामकडे नजर वळवली. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने माकडांना बीएमएए पाजून हातापायांची दुर्बलता आणि कंपवातासारखी लक्षणे दाखवली, आणि एका अमिनो आम्लाने हे सारे कोडे सुटले असे काही काळ वाटले.

मग हिशेब मांडला गेला. भिजवून धुतलेल्या पिठात बीएमएएचा बहुतांश भाग उरतच नाही, असे १९९० च्या सुमारास मोजमापांनी दिसले. माकडांना दिलेली मात्रा माणसाला पिठातून मिळायची तर पोटात मावणार नाही इतके पीठ रोज खावे लागले असते. शिवाय माकडे काही आठवड्यांत आजारी पडली होती, ग्वामचा रोग मात्र दशकांनी उगवत होता. लाखोळीच्या बाबतीत असा प्रश्न आला नव्हता. तिथे माणसे खरोखर जेवढी डाळ खात, तेवढीतच रोग घडवण्याइतके विष होते, जास्त खाणाऱ्याला जास्त आजार होई, आणि डाळ थांबली की नवे रुग्ण थांबत. एखादे अन्न-विष रोगाचे कारण ठरवायला कसा पुरावा लागतो याचे लॅथिरिझम हे उत्तम माप आहे, आणि मी बीएमएएचा प्रत्येक दावा त्या मापाला लावून पाहतो. जाता जाता हेही सांगतो, की लाखोळीने पाय जातात, स्मरणशक्ती जात नाही. बेसनातील लाखोळीच्या भेसळीबद्दल काळजी जरूर करावी, पण ती स्मृतिभ्रंशाच्या खात्यात टाकू नये.

२००० नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल कॉक्स यांनी हा विषय पुन्हा उघडला. २००२ मध्ये त्यांनी आणि मेंदूतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी मांडले, की चामोरो लोक मोठी फळखाऊ वटवाघळे नारळाच्या दुधात शिजवून आवडीने खात. वटवाघळे सायकसच्या बिया खातात. तेव्हा विष वटवाघळांत साठत जाऊन माणसापर्यंत भरपूर मात्रेत पोचत असावे. २००३ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की बीएमएए मुळात सायकसच्या मुळांतील नॉस्टॉक या नील-हरित शेवाळात तयार होते, आणि बी व वटवाघूळ अशा पायऱ्यांनी ते वाढत जाते. २००५ मध्ये तपासलेल्या जवळपास सर्व नील-हरित शेवाळ-प्रकारांत ते सापडल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. आपल्या वाचनातली भीती इथून जन्माला आली आहे, कारण असे शेवाळ ग्वामपुरते नाही. ते जगातल्या प्रत्येक तळ्यात, समुद्रात, दगडावर आहे. ग्वामच्या आणि कॅनडातील अल्झायमर रुग्णांच्या मेंदूतही बीएमएए आढळल्याचे वृत्त आले.

इथे खरी अडचण मोजमापाची आहे. बीएमएएचा रेणू अगदी छोटा, अवघ्या ११८ वजनाचा. नेमक्या त्याच वजनाचे डीएबी आणि एईजी असे दुसरे रेणू शेवाळात मुबलक असतात. सुरुवातीच्या अनेक अभ्यासांत नमुन्यातील अमिनो आम्लांना चमकणारा रंग जोडून, यंत्राच्या आलेखावर ठरावीक मिनिटाला उमटणारे शिखर म्हणजे बीएमएए असे धरले गेले. त्याच मिनिटाला दुसरा रेणू बाहेर पडला तर तोही बीएमएए म्हणून मोजला जाई. रेणूचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे वजन तपासणारे यंत्र, ज्याला आम्ही टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतो, त्याने आकडे पुष्कळ खाली आले आणि काही प्रयोगशाळांना शेवाळात किंवा वटवाघळांच्या जुन्या नमुन्यांत बीएमएए सापडलेच नाही. अमेरिकेतल्या एका गटाने २००५ मध्येच रुग्णांच्या मेंदूत मुक्त बीएमएए न मिळाल्याचे नोंदवले होते. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे आहेत. पण ‘सापडले’ या शब्दामागे कोणते यंत्र होते हे पाहिल्याशिवाय मी आता असा कोणताही निबंध पुढे वाचत नाही.

आता ते ‘माकडांवरील प्रयोग’. २०१६ मध्ये कॉक्स यांच्या गटाने कॅरिबियन बेटावरील व्हर्व्हेट माकडांना १४० दिवस फळातून बीएमएए दिले आणि त्यांच्या मेंदूत टाऊचे गुंते व तुरळक अॅमिलॉइड दिसल्याचे प्रसिद्ध केले. सोबत एल-सेरिन दिलेल्या माकडांत गुंते कमी होते. त्यामागची कल्पना अशी की पेशी प्रथिने बनवताना सेरिनच्या जागी चुकून बीएमएए ओवते, प्रथिन वाकडे घडते आणि साचते. सेरिन भरपूर असले की ही चूक कमी होते. कल्पना सुंदर आहे आणि २०१३ मध्ये पेशींवरच्या प्रयोगांतून ती मांडली गेली, पण इतर काही प्रयोगशाळांना ही अदलाबदल घडताना दिसली नाही. या माकडांना दिलेली मोठी मात्रा दर किलो वजनामागे रोज २१० मिलिग्रॅम होती. ६० किलोच्या माणसाला हे प्रमाण लावले तर रोज साडेबारा ग्रॅम शुद्ध बीएमएए, सलग साडेचार महिने. तलावाकाठच्या फेरीतून, मासळीच्या ताटातून किंवा गोळीच्या बाटलीतून अशी मात्रा कधीही शरीरात जात नाही. दुसरे, माकडांच्या मेंदूत खुणा दिसल्या. पण त्या अभ्यासाने माकडे विसरभोळी झाल्याचे दाखवलेले नाही.

२०२३ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ग्वाम आणि ‘की’ द्वीपकल्प येथील रुग्णांच्या टाऊ-तंतूंची घडी तपासली, तेव्हा ती अल्झायमरसारखी नसून, डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंच्या मेंदूविकारात दिसणाऱ्या घडीसारखी निघाली. ‘ग्वामचा आजार म्हणजे अल्झायमरची गुरुकिल्ली’ हे गृहीत त्यामुळे बरेच सैल झाले, असे माझे मत आहे. आपल्याकडचे अल्झायमरचे रुग्ण समजून घ्यायला ग्वामपासून थेट रस्ता जात नाही. २०१७ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेतील संशोधकांसह एका गटाने सर्व पुरावा तपासून, बीएमएए आणि माणसातील मेंदूविकार यांचा कार्यकारणसंबंध उपलब्ध माहितीतून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. मी त्याच्याशी सहमत आहे. तरीही बीएमएएवरचे काम थांबावे असे मला वाटत नाही. प्रथिने साचण्याची सुरुवात प्राण्यात कशी घडवून आणता येईल हे शोधायला ते एक अवजार म्हणून मोलाचे ठरू शकते, आणि स्वतंत्र प्रयोगशाळांनी कमी मात्रेत, दीर्घकाळ, वागणुकीच्या चाचण्यांसह ते प्रयोग करून पाहायलाच हवेत.

शेवाळाच्या विषाने स्मरणशक्ती जाऊच शकत नाही, असा मात्र याचा अर्थ कोणी काढू नये. १९८७ मध्ये कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, तिघे दगावले, आणि काहींची नवे लक्षात ठेवण्याची क्षमता कायमची गेली. शिंपल्यांत डोमोइक आम्ल साठले होते, जे एका सूक्ष्म शेवाळात तयार होते आणि मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणकेंद्राला जाळते. तो आघात काही तासा-दिवसांत झाला, सर्वांना शिंपल्यांच्या जेवणातून झाला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे वाढत गेला नाही. आपल्या वडिलांचा आजार याच्या अगदी उलट, हळूहळू आणि एकट्याला आलेला आहे.

ठाण्याबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. उपवन, मासुंदा, कचराळी या तलावांचे पाणी कोणी पीत नाही. ठाण्याला भातसा आणि बारवीकडून पाणी येते, नवी मुंबईला मोरबे धरणातून, आणि ते शुद्धीकरण होऊन येते. तलावावर उन्हाळ्यात रंग ओतल्यासारखा हिरवा, कुबट वासाचा तवंग येतो तो सांडपाणी, निर्माल्य आणि साबणातील फॉस्फेटवर पोसलेल्या नील-हरित शेवाळाचा असू शकतो. त्याची काळजी जरूर घ्यावी, पण बीएमएएपेक्षा मायक्रोसिस्टिन या यकृताच्या विषासाठी. त्याचा पुरावा पक्का आहे: १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात असे दूषित पाणी डायलिसिसला वापरले गेल्याने ५० हून अधिक रुग्ण दगावले. म्हणून तवंग असताना मुलांना पाण्यात उतरवू नये, कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नये आणि महापालिकेकडे तक्रार करावी. काठाने फिरणे मात्र थांबवू नका; नियमित चालणे मेंदूच्या आरोग्यासाठी जे थोडे उपाय खरेच उपयोगी आहेत त्यांत मोडते. खाडीच्या मासळीबाबत औद्योगिक पट्ट्यातील सांडपाण्याची काळजी वेगळी आहे, तिचा स्मृतिभ्रंशाशी संबंध जोडायला आधार नाही. सोसायटीतल्या सायकसच्या बिया मात्र मुलांनी किंवा पाळीव प्राण्यांनी चावू नयेत; त्यातले सायकसिन यकृताला घातक आहे.

स्पिरुलिना हेही नील-हरित शेवाळच आहे. तळ्यातून गोळा केलेल्या काही शेवाळ-उत्पादनांत मायक्रोसिस्टिन आढळल्याने अमेरिकेच्या ओरेगन राज्याने त्यावर मर्यादा घातली होती. बंद टाक्यांत वाढवलेल्या उत्पादनात हा धोका कमी असतो. वडिलांचा आजार त्या गोळ्यांनी झाला नाही, पण त्यांचा काही उपयोगही नाही, तेव्हा त्या बंद कराव्यात असे मी सुचवेन. एल-सेरिनची माणसांत झालेली सुरुवातीची छोटी चाचणी एएलएसच्या रुग्णांत मुख्यतः सुरक्षितता पाहण्यासाठी होती. स्मृतिभ्रंशात ते गुणकारी आहे असे दाखवणारी चाचणी झालेली नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत.

विषांच्या या सगळ्या चर्चेतून आपल्या वडिलांसाठी आजच उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र निघते, आणि ती बीएमएएकडून न येता वर सांगितलेल्या स्कोपोलामिनच्या उंदराकडून येते. माझ्याकडे नातेवाईक औषधांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतात तेव्हा मी ती टेबलावर रिकामी करायला सांगतो. झोपेसाठी कोणीतरी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, पोटात मुरडा येतो म्हणून डायसायक्लोमिन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन: ही सारी औषधे ॲसिटिलकोलिनचे तेच ग्राहक अडवतात. तरुणाला त्यांचे फारसे काही होत नाही. पण ज्याच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन आधीच आटले आहे, त्याचा गोंधळ ती वाढवतात, आणि सोबत डोनेपेझिल चालू असेल तर एक गोळी दुसरीचे काम पुसत राहते. वेगवेगळ्या डॉक्टरांनी, वेगवेगळ्या वेळी, चांगल्याच हेतूने लिहिलेल्या या गोळ्या एकत्र पाहिल्याशिवाय लक्षात येत नाहीत. त्यातली योग्य ती गोळी कमी केल्यावर वडील पुन्हा नातवंडांची नावे घेऊ लागले, असे सांगणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. आजार बरा झालेला नसतो, पण त्यावर चढलेला औषधाचा थर उतरतो. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. काही औषधे हळूहळूच कमी करावी लागतात.

तेव्हा पुढच्या भेटीला वडिलांची सर्व औषधे, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली, आयुर्वेदिक आणि ती स्पिरुलिनाची बाटलीसुद्धा, मूळ पाकिटांसह डॉक्टरांकडे न्यावी आणि प्रत्येक गोळी कधीपासून चालू आहे ते कागदावर लिहून न्यावे. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी, विशेषतः वडील मासळी खात असले तरी आठवड्यातले बरेच दिवस शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर. कारण बी-१२ ची कमतरता भरून काढता येते. गेल्या वर्ष-दीड वर्षात ते कुठे पडले होते का, डोक्याला मार लागला होता का, हे घरात सर्वांना विचारावे. वृद्धांमध्ये किरकोळ वाटणाऱ्या आपटण्यानेही मेंदूवर हळूहळू रक्त साचते, आणि सीटी स्कॅनमध्ये ते दिसल्यास शस्त्रक्रियेने काढता येते. त्यांची श्रवणशक्तीही तपासावी, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राला उशीर करू नये.